माहुआंग: सर्दीच्या चिनी काढ्यातली वनस्पती हृदयाचे ठोके का वाढवते?

'१०० टक्के हर्बल, नो साइड इफेक्ट' हे वाक्य तुम्ही रील्समध्ये किंवा शॉपिंग ॲपवर, वजन कमी करायच्या कॅप्सूलखाली नक्की वाचलं असेल. हे वाक्य कितपत खरं असतं ते बघायला एक चिनी वनस्पती चांगलं उदाहरण आहे. तिचं नाव माहुआंग.

माहुआंग म्हणजे काय?

शास्त्रीय नाव एफेड्रा सिनिका. उत्तर चीन आणि मंगोलियाच्या कोरड्या भागात वाढणारं हे झुडूप. पानं जवळपास नसतातच, दिसतात त्या नुसत्या बारीक हिरव्या काड्या. चिनी वैद्य साधारण दोन हजार वर्षांपासून या काड्यांचा काढा सर्दी-ताप आणि दम्यासाठी देत आले आहेत. पण त्यांची पद्धत बघा: प्रसिद्ध 'माहुआंग' काढ्यात दालचिनीच्या कोवळ्या काड्या, जर्दाळूच्या बिया आणि ज्येष्ठमधही असतं, आणि रुग्णाला घाम फुटला की काढा थांबवायचा असतो.

आत कोणतं रसायन आहे?

१८८५ मध्ये जपानी शास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी यातून एफेड्रिन वेगळं केलं. १९२० च्या दशकात पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजमध्ये के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी दाखवलं की ते ॲड्रेनलिनसारखं काम करतं. फरक असा, की ॲड्रेनलिन गिळून उपयोग होत नाही. एफेड्रिन मात्र तोंडाने घेता येतं आणि जास्त वेळ टिकतं. त्या काळच्या दम्याच्या रुग्णांसाठी ही मोठी गोष्ट होती.

याच काड्यांत स्यूडोएफेड्रिनही असतं. दोन्ही रेणूंत अगदी तेच अणू: १० कार्बन, १५ हायड्रोजन, १ नायट्रोजन, १ ऑक्सिजन. फक्त एका कार्बनभोवतीची मांडणी उलटी. तेवढ्यानेच स्यूडोएफेड्रिनचा रक्तदाबावरचा परिणाम सौम्य होतो, म्हणून ते नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांत वापरतात.

शरीरात काय होतं?

एफेड्रिन मज्जातंतूंच्या टोकांत साठलेलं नॉरॲड्रेनलिन बाहेर काढतं, शिवाय स्वतःही रिसेप्टरवर काम करतं. परिणाम असे:

- फुफ्फुसांत श्वासनलिका सैल होतात.
- नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, नाक मोकळं होतं.
- हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो.
- मेंदूवर परिणाम होऊन झोप उडते, भूक कमी होते.

फोनमध्ये एखाद्या ॲपला फक्त कॅमेऱ्याची परवानगी देता येते. इथे तशी सोय नाही. नाकासाठी घेतलेलं औषध हृदयापर्यंतही पोचतंच. आणि थोड्या थोड्या वेळाने घेत राहिलं तर नॉरॲड्रेनलिनचा साठा कमी होतो, परिणाम उतरतो आणि माणूस डोस वाढवायला बघतो.

गडबड कुठे झाली?

१९९० च्या दशकात अमेरिकेत माहुआंगचा अर्क कॅफिनसोबत कॅप्सूलमध्ये भरून 'नॅचरल फॅट बर्नर' म्हणून विकला जाऊ लागला. काही दिवसांच्या सर्दीचं औषध लोक महिनोन्महिने घेऊ लागले, तेही उन्हात व्यायाम करताना. फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा बेसबॉलपटू सरावात उष्माघाताने गेला. एफेड्रा असलेल्या सप्लिमेंटचा त्यात वाटा होता, असं शवतपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा सप्लिमेंटवर बंदी घातली. त्याआधी १९९४ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमधून मॅराडोनाला बाहेर पडावं लागलं होतं, तेही डोपिंग चाचणीत एफेड्रिन सापडल्यामुळेच.

मग आपण काय करायचं?

- फॅट बर्नर किंवा प्री-वर्कआउट घेण्याआधी लेबलवर माहुआंग, एफेड्रा, एफेड्रिन ही नावं शोधा. घटकांची यादीच नसेल तर घेऊ नका.
- रक्तदाब, हृदयविकार किंवा थायरॉइडचा त्रास असेल, किंवा नैराश्यावरची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.
- स्पर्धेत खेळत असाल तर सर्दीची साधी गोळीही तपासून घ्या.
- काही घेतल्यावर छातीत धडधडलं, दुखलं किंवा चक्कर आली, तर ते थांबवा आणि लगेच डॉक्टर गाठा. जाताना डबी सोबत न्या.

माहुआंग वाईट वनस्पती नाही. ती औषध आहे, म्हणून तिला डोस आहे, मुदत आहे आणि साइड इफेक्टही आहेत. 'हर्बल' या शब्दावरून यातलं काहीच कळत नाही, त्यामुळे डबी उलटी करून मागची बाजू वाचायची सवय लावा.