अब्रूनुकसानीचा दावा आणि शंभर कोटींचा हुकूमनामा

अमक्याचा चेक परत गेला, एवढी आवई बाजारात उठली की दुसऱ्या दिवशी सूतवाला रोख मागू लागतो. आम्ही कापडवाले हे पाहत आलो आहोत. मग कोणीतरी तावातावाने म्हणतो, "दावा ठोकतो!" अशा भावांसाठी पुण्यातील एक खटला समजून घेण्यासारखा आहे.

सप्टेंबर २००८ मध्ये 'टाइम्स नाऊ' या वाहिनीने गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी दिली. छायाचित्र दाखवायचे होते दुसऱ्या एका माजी न्यायमूर्तींचे. नावातील साम्यामुळे दाखवले गेले न्या. पी. बी. सावंत यांचे. सावंतसाहेब सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. छायाचित्र पडद्यावर होते सुमारे १५ सेकंद. चूक कळताच ते काढले. परंतु जाहीर माफी यायला कित्येक दिवस लागले. आमच्या मते खरी गोम इथेच आहे. चूक कोणाच्याही हातून होते, आमच्याही गाठी चुकीच्या पत्त्यावर गेल्या आहेत. पण त्याच दिवशी फोन केला तर गिऱ्हाईक टिकते.

सावंतसाहेबांनी दावा लावला आणि एप्रिल २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटी रुपयांचा हुकूमनामा दिला. रक्कम अवाढव्य आहे, अशी ओरड तेव्हा झाली. आम्हालाही ती जास्तच वाटली. पण अब्रू मोजायला गजकाठी नाही. माणसाची प्रतिष्ठा, खोटी गोष्ट किती दूर गेली, नंतर माफी कशी व कधी मागितली, हे पाहून न्यायालय आकडा ठरवते.

हुकूमनामा झाला म्हणजे पैसा गल्ल्यात आला, असे मात्र नाही. वाहिनी अपिलात गेली. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, स्थगिती मागावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी २० कोटी जमा करण्यास आणि ८० कोटींची बँक हमी देण्यास सांगितले. नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. म्हणजे रकमेची तजवीज झाली, पण ती अपिलाच्या निकालाशी बांधलेली. सावंतसाहेब फेब्रुवारी २०२१ मध्ये वारले.

आपल्यासारख्याने दिवाणी दाव्याची मुदत एकच वर्ष आहे, हे ध्यानात ठेवावे. बातमी खरी ठरली तर दावा कोसळतो. बातमीची तारीख, वेळ व वाहिनीचे नाव त्याच दिवशी लिहून घ्यावे, वकिलामार्फत लेखी नोटीस द्यावी, आणि त्या बातमीपायी कोणी ऑर्डर रद्द केली असेल तर त्याचे पत्र वहीत जपून ठेवावे.