घरबसल्या बिंगो आणि राहिलेला एक आकडा

स्नेहसंमेलनानंतर किंवा कोजागरीला गच्चीवर कधीच हाऊसी खेळला नाही, असा शिक्षक सापडणं कठीण. पंधरा आकड्यांचं तिकीट, पिशवीतून निघणारे १ ते ९० आकडे, कुणीतरी ‘फुल हाऊस!’ म्हणून ओरडतं, आणि लगेच चार-पाच जण कपाळावर हात मारतात, “अरे, माझा एकच राहिला होता!”

आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी मला म्हणाली, “सर, तीन वर्षं झाली, दर संमेलनात एकदा तरी माझा एकच आकडा राहतो. आता पुढच्या वेळी नक्की लागणार.” तिची तक्रार खरी होती. तिनं काढलेला निष्कर्ष मात्र तपासायला हवा. त्यासाठी हा खेळ हॉलमधून बाहेर काढून जरा मोठा करून पाहू या.

हाच खेळ अख्ख्या देशानं एकाच वेळी खेळला तर? दूरचित्रवाणीनं हे करून पाहिलं आहे. अमेरिकेत २००७ मध्ये एबीसी वाहिनीवर ‘नॅशनल बिंगो नाइट’ हा कार्यक्रम झाला. प्रेक्षकांनी वाहिनीच्या संकेतस्थळावरून कार्ड फुकट छापून घ्यायचं आणि पडद्यावर निघणारे आकडे घरी बसून खोडायचे. त्याची भारतीय आवृत्ती २०१० मध्ये ‘कलर्स’ वाहिनीवर आली, सूत्रसंचालक होते अभिषेक बच्चन. जर्मनीत एनडीआर या वाहिनीवर १९९७ मध्ये असाच बिंगो सुरू झाला. तिथे तिकीट विकत घ्यावं लागतं आणि त्या पैशाचा काही भाग पर्यावरणाच्या कामांना जातो. अमेरिकन बिंगो ७५ आकड्यांचा असतो, आपला हाऊसी ९० चा. हिशेब आपण आपल्या हाऊसीचाच करू.

आधी वर्गात एक प्रश्न विचारा : खेळणारे वाढले तर खेळ लांबेल, लवकर संपेल, की काहीच फरक पडणार नाही? मी विचारला तेव्हा बहुतेकांनी ‘फरक पडणार नाही’ असं सांगितलं. कारणही दिलं, की आकडे तर नव्वदच आहेत. (एक मुलगा म्हणाला, “लांबेल, कारण गोंधळ वाढेल.” हेही अगदीच चूक नाही!)

आता एकच तिकीट घ्या. ४५ आकडे निघाले, म्हणजे निम्मे. आपल्या तिकिटावरचा एखादा आकडा त्यांत असण्याची संभाव्यता निम्मी. मग पंधराही आकडे निघालेले असण्याची संभाव्यता काढायला निम्म्याला पंधरा वेळा गुणायचं का? तसं केलं तर ३२,७६८ मध्ये एक असं उत्तर येतं. पण इथे एक खोच आहे. पहिला आकडा निघालेल्यांत आहे असं मानलं, की दुसऱ्यासाठी ८९ आकड्यांतले ४४ च उरतात, तिसऱ्यासाठी ८८ तले ४३. म्हणून गुणाकार असा होतो : ४५/९० × ४४/८९ × ४३/८८ … शेवटचा अपूर्णांक ३१/७६. प्रत्येक अपूर्णांक आधीच्यापेक्षा लहान. कॅल्क्युलेटरवर मुलांना करू द्या. उत्तर येतं सुमारे १ लाख ३३ हजारांत एक. तिकिटावर ‘लकी’ आकडे आहेत की नाहीत, याचा या गुणाकारात कुठेच संबंध येत नाही, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावं.

एका तिकिटाच्या दृष्टीनं ही संभाव्यता नगण्य आहे. एकच माणूस एकच तिकीट घेऊन खेळत बसला, तर त्याचा फुल हाऊस सरासरी ८५ व्या आकड्याला होईल. पण घरोघरी मिळून एक लाख तिकिटं असतील, तर ४५ व्या आकड्यापर्यंत कुणाचा तरी फुल हाऊस झालेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त होते. हाच ‘निम्मी शक्यता’ हा निकष लावला, तर पहिला फुल हाऊस साधारण असा होतो :

६० तिकिटं : ६९ वा आकडा
१,००० तिकिटं : ५९ वा आकडा
१०,००० तिकिटं : ५१ वा आकडा
१ लाख तिकिटं : ४५ वा आकडा
१० लाख तिकिटं : ४० वा आकडा
१ कोटी तिकिटं : ३५ वा आकडा

म्हणजे खेळणारे वाढले की खेळ लवकर संपतो. पण खालच्या ओळी पाहा. खेळणारे दसपट झाले तरी खेळ पाच-सहा आकड्यांनीच आखडतो. कार्यक्रम बसवणाऱ्याला ही फारच सोयीची गोष्ट आहे. घरी नेमके किती लोक खेळताहेत हे त्याला ठाऊक नसलं, तरी खेळ किती वेळ चालेल याचा अंदाज त्याला बराच नेमका बांधता येतो.

हेच गणित उलट बाजूनं मात्र त्याला अडचणीत आणू शकतं. समजा, दहा लाख घरं खेळताहेत. ४० आकडे काढून थांबलं तर विजेता जेमतेम एक. ४५ काढले तर सात-आठ. ५० काढले तर सुमारे ४९. आणि ६० काढले तर जवळजवळ ११६०! वीस आकडे जास्त काढल्यानं विजेते हजारपटीहून जास्त. म्हणून घरबसल्या खेळात किती आकडे काढायचे आणि बक्षीस वाटून द्यायचं की नाही, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. जर्मन बिंगोत ७५ पैकी नेमके २२ च आकडे काढतात. तेवढ्यात एखादी ठरावीक पाच आकड्यांची ओळ पूर्ण होण्याची संभाव्यता ६५५ मध्ये एक येते. २२/७५ पासून सुरुवात करून पाच अपूर्णांक गुणले की झालं.

आता त्या राहिलेल्या एका आकड्याकडे वळू. ४० आकडे निघाले आहेत, ५० पिशवीत आहेत. एखादं पूर्ण झालेलं तिकीट मनात घ्या. त्याच्या पंधरा आकड्यांपैकी कोणताही एक खोडून तिथे न निघालेल्या ५० पैकी एक लिहिला, की ‘एक राहिलेलं’ तिकीट तयार होतं. असे १५ × ५० म्हणजे ७५० प्रकार. पण तेच एक राहिलेलं तिकीट २६ वेगवेगळ्या पूर्ण तिकिटांपासून बनू शकतं, कारण त्याचे १४ आकडे कायम ठेवले तर पंधराव्या जागी निघालेल्यांपैकी उरलेले २६ कोणतेही चालतात. ७५० ला २६ नं भागा. प्रत्येक पूर्ण तिकिटामागे सुमारे २९ तिकिटं एका आकड्यावर अडलेली असतात!

दहा लाख घरांत ४० व्या आकड्याला अशी सरासरी २५ घरं असतात. दोन आकडे राहिलेली ३२० च्या आसपास, तीन राहिलेली सुमारे २४००. त्यांतल्या प्रत्येकाला वाटतं, ‘थोडक्यात गेलं’. माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा टीव्हीसमोर बसतो तो या ‘थोडक्या’मुळे. कार्ड फुकट असेल तर ठीक आहे, पण प्रत्येक कार्डाला पैसे पडत असतील तर हे ‘थोडक्यात’ महाग पडतं. नेम मारताना बाण लक्ष्याजवळ पडला, तर पुढचा बाण अधिक जवळ जाईल असं मानायला काही आधार असतो. आकड्यांच्या पिशवीला मागचा डाव आठवत नाही.

आता आमच्या शाळेचा हिशेब. साठ तिकिटं, ६९ वा आकडा. वरच्याच रीतीनं १५ × २१ ÷ ५५. फुल हाऊस झाला त्या क्षणी सरासरी चार मुलं एका आकड्यावर अडलेली. म्हणजे कपाळावर हात मारणारी ती चार-पाच मुलं दर डावाला निघणारच. एका डावात आपण त्यांत असण्याची संभाव्यता सुमारे सात टक्के. संमेलनात आम्ही सहा डाव खेळतो, तेव्हा वर्षातून एकदा तरी असं होण्याची संभाव्यता ३५ टक्क्यांच्या आसपास. सलग तीन वर्षं होण्याची साडेचार टक्के.

साठ मुलांत साडेचार टक्के म्हणजे दोन किंवा तीन मुलं. मी तिला सांगितलं, “तुझ्यासारखीच आणखी एक-दोन जणं शोध.” मधल्या सुट्टीत ती वह्या घेऊन वर्गावर्गांतून फिरली आणि दोघांना घेऊन आली. त्यांतला एक म्हणत होता, “सर, पुढच्या वेळी माझा नक्की लागणार.” तिनंच त्याला फळ्यावर पुढच्या डावाची संभाव्यता लिहून दाखवली : १/६०, तिघांचीही, आणि बाकीच्या सत्तावन्नांचीही.