‘इथे’ म्हणजे नेमके कुठे?

ऑनलाइन प्रशिक्षणात ‘इथे क्लिक करा’ एवढ्याने भागत नाही; ‘इथे’ दाखवावे लागते. बीबीत (ता. लोणार) मोबाइलवर प्रशिक्षण पाहणाऱ्याला संगणकावरचा माउसचा बाण मुंगीएवढाच दिसणार. झूममध्ये त्यासाठी ‘अ‍ॅनोटेट’ची पट्टी आहे. तिच्यातला ‘स्पॉटलाइट’ माउसबरोबर फिरतो आणि मागे काही ठेवत नाही. पेनाची रेघ मात्र पुसेपर्यंत राहते, आणि खरी फसगत तिथेच होते: ती पडद्यावर उमटते, कागदपत्रावर नव्हे. पान सरकवले की सातबाऱ्यावर ‘क्षेत्र’भोवती काढलेले वर्तुळ भलत्याच रकान्यावर जाऊन बसते. म्हणून सरकवण्याआधी ‘क्लिअर’. आपोआप विरणारे ‘व्हॅनिशिंग पेन’ त्यातल्या त्यात शहाणे.

यजमानाने मुभा ठेवली तर सहभागींनाही रेघोट्या ओढता येतात. २०२० च्या टाळेबंदीत अनाहूत पाहुण्यांनी झूम बैठकांत धुडगूस घातला होता. म्हणून मोठ्या वर्गात ही मुभा बंदच बरी. छोट्या गटात मात्र ‘तुम्हीच खूण करा’ म्हटल्यावर कोणाला कळले नाही, ते लगेच उघडे पडते.

नेटवर्क मंद असल्यास चित्र आवाजाच्या मागे पडते. अशा वेळी खुणेसोबत बटणाचे नाव आणि जागा तोंडानेही सांगावी: ‘वरती उजवीकडे, हिरवे, जतन करा’.