‘टेबल’ करणे म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘टेबल’ हे नाम म्हणूनच रुळले. इंग्रजीत मात्र ते क्रियापदही आहे, आणि तेही परस्परविरोधी अर्थांचे. ब्रिटनमध्ये प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेसाठी मांडणे. अमेरिकेत त्याचा अर्थ तो बाजूला ठेवणे, बहुधा कायमचाच!

दुसऱ्या महायुद्धात यावरून चांगलीच पंचाईत झाली. ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने ‘टेबल’ करायचे होते. विषय महत्त्वाचा असल्याने अमेरिकी सहकाऱ्यांचा त्याला ठाम विरोध. दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे, हे उमगेपर्यंत कडाक्याचा वाद झाला. विन्स्टन चर्चिल यांनीच महायुद्धाच्या आपल्या इतिहासात ही हकिकत नोंदवली आहे.

मूळ लॅटिन शब्द ‘ताबुला’, म्हणजे फळी. लिहिण्याची पाटीही ताबुलाच. औषधाची ‘टॅब्लेट’ याच कुळातली.

आपल्या विधिमंडळाने अर्थातच ब्रिटिश वळण उचलले. तेथे कागदपत्रे ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवली जातात, ती सदस्यांसमोर यावीत म्हणून. अमेरिकी कार्यालयांशी व्यवहार करणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मंडळींनी मात्र इतिवृत्तात हे क्रियापद दिसताच लिहिणारा कुठला, हे आधी पाहिलेले बरे.