गमछ्यातून आत जाणारी धूळ

चंद्रपूरजवळची दुर्गापूर किंवा राजुऱ्याकडची सास्ती, कुठल्याही खुल्या कोळसा खाणीत उन्हाळ्यात डंपर गेला की मागे धुळीचा लोट उठतो. कामगार नाकातोंडावर गमछा ओढून घेतात. तो जाड कण अडवतो. फुप्फुसांचे खरे वैरी असतात साधारण ५ मायक्रॉनहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. ते डोळ्यांना दिसत नाहीत, गमछ्याला जुमानत नाहीत आणि हवा अगदी स्थिर असली तरी जमिनीवर बसायला तासन्‌तास घेतात.

कोळशाच्या धुळीने न्यूमोकोनिओसिस हा फुप्फुसांचा रोग होतोच, पण दगडातला क्वार्ट्‌झ, म्हणजे सिलिका, त्याहून घातक. शरीरातल्या रक्षक पेशी तो कण गिळतात आणि स्वतःच मरतात. तिथे व्रण उरतो, आणि पुन्हा भरून न येणारा हा व्रण वाढत जातो; हाच सिलिकोसिस. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म पसरलेला आहे. त्यामुळे कोळसा दिसण्याआधीच, वरच्या दगडात भोके पाडणाऱ्या ड्रिलवाल्याच्या श्वासात क्वार्ट्‌झ जातो.  

आपल्याकडे हे फार पूर्वी कळले होते. कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी म्हैसूर संस्थानाने १९४० मध्ये सिलिकोसिसचे नियम केले, आणि त्या दशकात झालेल्या तपासणीत दर शंभरांत चाळिसांहून अधिक कामगार बाधित निघाले. त्याच कोलारमध्ये १९९० साली राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्था सुरू झाली आणि पुढे ती नागपूरला आली. विदर्भातल्या कोळसा आणि मँगनीज खाणींच्या अंगणात अशी संस्था असणे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटत होती. पण २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय झाला.

धूळ मोजायची ती कामगाराच्या नाकाजवळ. कमरेला पंप, कॉलरला हवा गरगर फिरवणारे ‘सायक्लोन’ हे छोटे यंत्र. त्यात जाड कण गळून पडतात आणि बारीक कण गाळणीवर जमतात. पाळी संपली की गाळणी तोलतात, मग अवरक्त किरणांनी त्यातला क्वार्ट्‌झ शोधतात. भारतीय कोळसा खाणींत अनेक दशके मर्यादा होती घनमीटरला ३ मिलिग्रॅम. सिलिका ५ टक्क्यांहून जास्त असेल तर १५ ला त्या टक्केवारीने भागायचे. म्हणजे १५ टक्के सिलिका असेल तर फक्त १ मिलिग्रॅम. अमेरिकेत २०१६ पासून कोळशासाठी मर्यादा दीड मिलिग्रॅम झाली, आणि काही कामगारांच्या अंगावरचे यंत्र पाळी चालू असतानाच आकडा दाखवू लागले. आपल्या कामगारालाही तो आकडा तिथल्या तिथे दिसायला हवा.

उपाय म्हणजे पाणी, पण नुसते शिंपडून भागत नाही. थेंब मोठा असला तर त्याच्याभोवतीची हवा बाजूला सरकते आणि बारीक कण तिच्याबरोबर निसटतो. थेंब जवळपास कणाएवढा बारीक असेल तरच दोघांची गाठ पडते. फवाऱ्याचा जोर फाजील झाला तर धूळ उलट कामगाराच्या अंगावर येते. कोळसा सहजी भिजत नाही, म्हणून पाण्यात साबणासारखे द्रव्य मिसळावे लागते. सगळ्यांत परिणामकारक पाणी ते, जे पोकळ ड्रिलमधून थेट भोकाच्या तळाशी पोहोचते. तिथे उडण्याआधीच धुळीचा चिखल होतो. भूमिगत खाणीत भरपूर वाहती हवा हवी. मुखवट्याचा नंबर या सगळ्यांनंतर लागतो, आणि नेमका तोच आधी वाटला जातो याचा मला राग येतो.

तपासणीतही ढिलाई परवडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये कोळशाच्या धुळीचा न्यूमोकोनिओसिस संपला असे मानले जात होते; २०१५ मध्ये तो पुन्हा सापडला, आणि जुने एक्स-रे अमेरिकेतल्या तज्ज्ञांकडून वाचून घेतल्यावर सुटून गेलेले रुग्ण उघड झाले. आपल्याकडे सिलिकोसिसवर क्षयाचा शिक्का सहज बसतो, कारण सिलिकाने दुबळ्या झालेल्या फुप्फुसांत क्षयही लवकर शिरतो. खाण नियमांप्रमाणे ठरावीक वर्षांनी कामगाराची तपासणी व्हायची असते. पण हा रोग दिसायला बहुधा दहा-वीस वर्षे जातात. तोवर कंत्राटी कामगाराचे कंत्राटदार कितीदा तरी बदललेले असतात. त्याचा पहिला एक्स-रे शेवटच्या डॉक्टरपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी खाणीच्या मालकावर टाकली पाहिजे.