फळ्यावरची शिडी

दहावीचा निकाल लागला की पूर्वी आमच्या दारात चपलांची रास पडायची. पिंपरी-चिंचवडच्या एका शाळेत मी गणित शिकवत असे आणि 'दहावीनंतर पुढे काय?' या विषयातला जाणकार अशी माझी, का कोण जाणे, ख्याती झाली होती. गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे, ज्ञातिसंस्थांचे गुणगौरव समारंभ, सगळीकडून बोलावणे येई. शाल, श्रीफळ आणि पाकीट. पाकिटात बहुधा एकावन्न रुपये.

या व्याख्यानांसाठी मी एक गुंडाळी फळा शिवून घेतला होता. त्यावर खडूने शिडी काढायचो. सर्वांत वरच्या पायरीवर विज्ञान, म्हणजे पुढे डॉक्टर-इंजिनिअर. त्याखाली वाणिज्य, त्याखाली कला. आणि अगदी तळाशी, जिथे शिडी जमिनीला टेकते तिथे, आयटीआय. "ज्यांना पंचेचाळीस-पन्नास टक्के आहेत त्यांनी निराश होऊ नये," असे म्हणून मी त्या तळाच्या पायरीवर खडू टेकवायचो. सभागृहातले निम्मे बाप कारखान्यात आठ-आठ तास उभे राहून आलेले असत. त्यांच्यापैकी एकानेही कधी हात वर करून विचारले नाही, की सर, आम्ही जे करतो ते सगळ्यांत खाली का?

माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही, कारण तो हा लेख वाचेल. नववीत असताना त्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मला एक शंकू आणि एक वृत्तचिती करून दिली होती. तळ सारखा, उंची सारखी. शंकूचे घनफळ वृत्तचितीच्या एक-तृतीयांश असते हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर सूत्र लिहून सांगत आलो होतो. त्या दिवशी वर्गात शंकूने तीन वेळा वाळू ओतली आणि वृत्तचिती काठोकाठ भरली. वर एक कण सांडला नाही. पत्र्याचे सांधे डाग देऊन जोडले होते, कडा आत वळवल्या होत्या, मुलांच्या बोटांना लागू नयेत म्हणून. हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

१९९७ साली त्याला दहावीला ७६ टक्के मिळाले. वडील फाउंड्रीत कामाला. दोघे पेढे घेऊन आले. वडील म्हणाले, "सर, हा म्हणतोय आयटीआयला जातो, फिटरला. मला काही कळत नाही. तुम्ही म्हणाल ते." मुलगा खाली बघत उभा होता. मी हसलो. ७६ टक्के आणि आयटीआय? त्याने केलेला तो शंकू माझ्या मागच्याच कपाटात होता, तरी मी त्याला सायन्सला घालायला सांगितले. मोठ्या आपुलकीने सांगितले, हे विशेष.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे अकरावी सायन्सला काय होते, हे ज्यांच्या घरात घडले आहे त्यांना सांगायला नको. दहावीपर्यंतचे जडत्व एका रात्रीत 'इनर्शिया' होते, त्वरण 'अ‍ॅक्सिलरेशन' होते, आणि ओळखीचा विषय अनोळखी माणसासारखा बघू लागतो. वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून खासगी क्लास लावला. १९९९ मध्ये बारावीला तो फिजिक्स आणि गणितात नापास झाला. ऑक्टोबरला पुन्हा बसला, पुन्हा गणित राहिले. गणित! माझा विषय. त्यानंतर त्याने आमच्या गल्लीतून जाणे-येणे बंद केले.

नंतर कळले, की २००० साली तो शेवटी आयटीआयलाच गेला. तीन वर्षे हरवून, आणि मी नेमून दिलेल्या त्या तळाच्या पायरीवर, नापास म्हणून.

२००८ साली भोसरीतल्या एका लग्नात तो समोर आला. टूलरूममध्ये काम करत होता. वाकून नमस्कार केला, ताट वाढून आणले. मी चाचरत काहीतरी दिलगिरीचे बोललो, तर तो म्हणाला, "तुम्ही वाईट सांगितलं असं नाही म्हणत मी, सर. पण एक विचारू? तुम्ही आयटीआय आतून कधी बघितली होती?"

बघितली नव्हती. ज्या संस्थेच्या फाटकावरून मी रोज स्कूटरने जात होतो, जिच्याविषयी शंभर तरी व्याख्याने झोडली होती, तिच्या आत मी पाऊलही टाकलेले नव्हते.

त्यानेच ओळख काढून दिली आणि मी गेलो. पहिल्या वर्षाच्या फिटरच्या वर्गात पोरे व्हाइसपुढे रांगेने उभी होती आणि कानस चालवत होती. फक्त कानस. लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा द्यायचा आणि त्याची बाजू सपाट करायला सांगायचे. शिल्प निदेशक (तिथे मास्तरांना हे सुंदर नाव आहे) तुकडा उचलून त्यावर गुण्या ठेवत आणि उजेडाकडे धरत. पोलाद आणि लोखंड यांच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली, की "पुन्हा." मुलाच्या तळहाताला फोड आलेले. तो निमूटपणे परत व्हाइसकडे. त्यांच्या व्हर्निअरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजता येतो, ०.०२. आमच्या शाळेत अपूर्णांक म्हणजे गुणांचा प्रश्न होता. इथे तो उजेडाची रेघ होता. पायथागोरस मी तीस वर्षे शिकवला, पण काटकोन इतका कडक असतो हे मला त्या दिवशी कळले.

सगळे गोजिरे होते असे मात्र नव्हे. काही लेथ माझ्या वयाच्या होत्या. एका विभागाला निदेशकच नव्हता, शेजारच्या विभागाचे मास्तर अधूनमधून डोकावून जात. ही योजना आपल्याकडे १९५० पासून चालू आहे आणि महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत, पण त्यांच्याकडे बघण्याची आपली दृष्टी माझ्या फळ्यासारखीच राहिली. जिथे आपली मुले जात नाहीत, तिथले छत गळते की नाही हे आपण विचारत नाही.

पुढची गोष्टही त्याने सांगितली. आयटीआयनंतर अ‍ॅप्रेंटिसशिप. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे, त्यांना विद्यावेतन मिळते, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. पण शिकवून तयार झालेल्या मुलाला कामावर ठेवण्याचे बंधन तोच कायदा घालत नाही. तो ज्या कारखान्यात होता तिथे वर्ष संपले की जुनी तुकडी बाहेर आणि नवी आत. "मशीन तेच, पोरगं नवं," तो म्हणाला. पुढची चार वर्षे त्याने कंत्राटदाराकडे काढली. तेव्हा मुलाला आयटीआयला घाला आणि निश्चिंत व्हा, असे मी या लेखात सांगणार नाही. एक खोटी शिडी पुसून दुसरी काढण्यात अर्थ नाही.

मग माझ्या मनात प्रश्न घोळू लागला तो वेगळाच. पंधराव्या-सोळाव्या वर्षी निवड करायची म्हणतो आपण. पण ज्या वस्तूंतून निवडायचे त्यांपैकी निम्म्यांना मुलाने हातच लावलेला नसतो. त्या मुलाला पत्रा आवडतो हे कळले ते केवळ त्याच्या घराबाहेर तेलाचा डबा पडलेला होता म्हणून.

शाळेत हाताला काम द्यावे ही काही नवी कल्पना नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभव सुचवला. आमच्या शाळेत त्या कार्यानुभवाचे काय झाले? क्रेप कागदाची फुले, मेणबत्त्या आणि खडू. फुले बहुतेक आयाच करून देत, आम्ही त्यांना पैकीच्या पैकी गुण देत असू, आणि परीक्षा जवळ आली की तो तास मी गणिताला मागून घेत असे. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तर आकडेच दिले होते: उच्च माध्यमिकची १० टक्के मुले १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवायची. आपल्याकडे किमान कौशल्याचे अभ्यासक्रम आले, त्याआधी द्विलक्षी विषय आले. द्विलक्षीची गंमत वाचकांना आठवत असेल. दोनशे गुणांचा विषय, गुण भरपूर मिळतात म्हणून हुशार मुलांनी त्यावर उड्या टाकल्या. स्कूटर दुरुस्ती शिकून इंजिनिअरिंगच्या यादीत वर चढायचे आणि स्कूटर बिघडली की मेकॅनिककडे न्यायची!

आयटीआय पाहिल्यानंतर वर्षभराने मी पाबळला गेलो. शिरूर तालुक्यातले हे दुष्काळी गाव. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली इथे आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. २००३ साली ते गेले. मला त्यांना भेटता आले नाही, याची हळहळ आहे. त्यांच्या कामातून शाळांसाठी जो विषय तयार झाला त्याचे सूत्र साधे आहे. आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलांनी, पहिल्या आणि शेवटच्या नंबरानेही, आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. प्रत्येकाने चारही करायचे. म्हणजे मुलींनीही वेल्डिंगचा चष्मा लावायचा आणि मुलांनीही स्वयंपाकाचा पदार्थ करून त्याचा खर्च काढायचा. राज्याच्या परीक्षा मंडळाने त्याला दहावीचा विषय म्हणून मान्यताही दिली.

मला सर्वांत आवडले ते हे, की काम खोटे नसते. गावातल्या कोणाला फाटक हवे असते, कोणाच्या घरी दिव्याचे फिटिंग करायचे असते, शेतकऱ्याला माती तपासून हवी असते. मुले ते करतात आणि त्याचे पैसे लावतात. फाटक लागले नाही तर गिऱ्हाईक बोलते. क्रेप कागदाच्या फुलाला कोणी कधी बोलले आहे काय? आणि तिथे एक मुलगी पत्र्याच्या तुकड्याचे क्षेत्रफळ काढत होती, वही मांडीवर घेऊन, कोणी न सांगता, कारण पत्रा विकत आणायचा होता. मी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी होतो.

लोक जर्मनीचे उदाहरण देतात. तिथे शाळेतल्या मुलांना नववी-दहावीच्या सुमारास दोन-तीन आठवडे एखाद्या दुकानात, कार्यशाळेत, दवाखान्यात पाठवतात. पुढे ज्यांना व्यवसाय शिकायचा आहे ते आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले दिवस व्यवसायशाळेत. पगार पहिल्या दिवसापासून, परीक्षा उद्योगांच्या मंडळाकडून. २०२० च्या आपल्या शैक्षणिक धोरणातच एक तुलना दिली आहे: औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले तरुण कामगार आपल्याकडे ५ टक्क्यांहून कमी आणि जर्मनीत ७५ टक्के. मात्र तिथे बऱ्याच प्रांतांत दहाव्या वर्षीच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, आणि हे त्यांच्यातल्याच पुष्कळांना खुपते. ते आपण उचलू नये. आपल्याला वेगळे करायची सवय आधीच फार आहे.

त्याच २०२० च्या धोरणात म्हटले आहे, की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावे, आणि २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा. पण दहा दिवसांत कानस हातात बसत नाही, हे मी स्वतः करून पाहिलेले आहे. त्या निदेशकांनी मला आग्रहाने एक तुकडा दिला होता. अर्धा तास घासल्यावर त्यांनी गुण्या लावला आणि उजेडाकडे धरला. रेघ कसली, खिडकी दिसत होती. तरी दहा दिवसांत मुलाला एवढे नक्की कळेल, की त्याला लोखंडाचा वास आवडतो की मातीचा, का दोन्ही नको आणि पुस्तकच बरे. तेही कळणे काही कमी नाही. भीती एकच, शाळेत हौशी गणित मास्तर असतील तर ते हे दहा दिवसही मागून घेतील.

आता तो मुलगा, मुलगा कसला, पंचेचाळिशीला आलेला गृहस्थ, डायमेकर आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुने मिलिंग मशीन घेऊन स्वतःचे छोटे शेड टाकले. महिन्याचे हप्ते जड जातात म्हणतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. त्याचा मुलगा नववीत आहे. शाळेत त्याने ऑटोमोटिव्ह हा व्यवसाय विषय घेतला आहे आणि सुट्टीत शेडवर येऊन बसतो. आई म्हणते, सायन्स. आजोबा, म्हणजे फाउंड्रीतून निवृत्त झालेले ते गृहस्थ, म्हणतात, सरांना विचारा.

"तुला काय वाटतं?" मी विचारले.

फोनवर बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाला, "खरं सांगू सर? मलाही वाटतं त्याने सायन्सच घ्यावं."

पुढच्या रविवारी तिघेही यायचे आहेत. गुंडाळी फळा माळ्यावर आहे, तो काढणार नाही. कपाटातला शंकू आणि वृत्तचिती मात्र पुसून टेबलावर ठेवली आहे. वाळू शेजारच्या बांधकामावरून आणली आहे, चाळून. पोराच्या हातात देऊन बघणार आहे.