कोकणातील वने : लेखांक ४
धो-धो पावसातील पानझड

मागील लेखांकात घाटमाथ्यावरील सदाहरित वनांचा विचार झाला. ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे येताना मात्र वनाचे रूप पालटते आणि फाल्गुन-चैत्रात डोंगरउतार निष्पर्ण दिसू लागतात. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असताना साग, ऐन, किंजळ, मोई या झाडांनी पाने का टाकावीत, याचे उत्तर पावसाच्या प्रमाणात नसून त्याच्या वाटणीत आहे; कारण बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, उतारावरील काळ्या कातळावरच्या उथळ मातीत तो फारसा टिकत नाही, आणि पुढील सात-आठ महिने झाडांना मुळांच्या आवाक्यातील ओलीवरच काढावे लागतात.

पान अन्न तयार करण्यासाठी आपली सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडते तेव्हा त्यातून पाण्याची वाफही निघून जाते. ही गळती परवडेनाशी झाली की झाड पानातील नायट्रोजन व फॉस्फरस यांचा बराचसा भाग खोडा-फांद्यांत ओढून घेते, देठाच्या बुडाशी सैल पेशींचा पातळ पडदा तयार होतो आणि पान सुटते. पानगळ ही अशी आधीच ठरलेली आवराआवर असते. पळस, पांगारा व काटेसावर याच काळात फुलतात. पानांचा आडोसा नसल्याने फुले पक्ष्यांना दुरून दिसतात, तर कोशिंबाची तांबडी पालवी पहिल्या सरीची वाटही पाहत नाही.

चॅम्पियन व सेठ यांच्या १९६८ च्या वर्गीकरणानुसार असे वन दमट पानझडी ठरते. कोरडे पानझडी वन पाहायचे तर मेळघाटात जावे. परंतु गावालगतचे उतार कोरड्या वनासारखेच विरळ दिसतात, आणि यात माणसाचा हात मोठा आहे. भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पातेरा व वर मातीचा थर देऊन राब भाजला जातो. त्यामुळे तणाचे बी जळते व राखेतून रोपांना खत मिळते. ऐन-किंजळ पुन्हा फुटतात, म्हणून ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. मात्र जंगलाचे पोषण शेतात जाते, हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

वणव्याची गोष्ट निराळी आहे. राबात निदान रोपांना खत लाभते. वणव्यात पातेऱ्यातील नायट्रोजन धुरावाटे उडून जातो, उरलेली राख मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्याला लागते आणि मगरीच्या पाठीसारखी जाड साल असलेला ऐन तगला तरी त्याची कोवळी रोपे तगत नाहीत. माणगावच्या आसपासचे डोंगर उघडे पडले ते पावसाअभावी नव्हे, तर तोड आणि आग यांमुळे.